भरवसा परमेश्वरावर, की शेजाऱ्याच्या खिशावर?

गेल्या काही वर्षांत मुंबई आणि वसई परिसरातील आमच्या चर्चच्या सूचनाफलकांवर एक नवे चित्र झळकू लागले आहे. पूर्वी तेथे वेलांकणीची यात्रा, जुने गोवे, फार तर पवित्र भूमीची सहल अशी पत्रके लागत. आता निळ्या पाण्यावर उभे असलेले पांढरेशुभ्र, दहा मजली जहाज असते आणि त्याखाली ठळक अक्षरांत सिंगापूर-पेनांग-फुकेत, मुंबई-गोवा-लक्षद्वीप किंवा ‘संत पौलाच्या पाऊलखुणांवरून भूमध्य सागर’ असे काही लिहिलेले असते. भोजन समाविष्ट, करमणूक समाविष्ट, रविवारचा ख्रिस्तयागही समाविष्ट. अगदी तळाशी, भिंग लावून वाचावे अशा टाइपात आणखी दोन शब्द असतात: ‘विमा ऐच्छिक’. आम्हाला या लेखात त्या दोन शब्दांशी भांडायचे आहे.

सहलीशी आमचे भांडण नाही, हे आधीच सांगून टाकतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एखाद्या कारखान्यात पस्तीस वर्षे पाळ्या करून निवृत्त झालेल्या गृहस्थाने पत्नीला घेऊन चार दिवस समुद्र पाहावा, यात कोणाच्या पोटात दुखण्याचे कारण नाही. समुद्र आमच्या लोकांना परकाही नाही. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या कोकण बोटींच्या आठवणी काढणारी माणसे अजून आमच्यात आहेत. आता तर २०२१ च्या सप्टेंबरपासून ‘कॉर्डेलिया’च्या सफरी मुंबईहून सुरू झाल्या आणि २०२५ च्या सप्टेंबरात मुंबई बंदरात नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलही उभे राहिले. तेव्हा लोक जाणार, आणि जावेत. प्रश्न एवढाच, की साठी-सत्तरी ओलांडलेली, रक्तदाबाची व मधुमेहाची गोळी पाकिटात बाळगणारी माणसे जहाजावर चढताना संकटकाळच्या खर्चाचा भार नेमका कोणाच्या खांद्यावर ठेवून चढतात?

जहाज म्हणजे तरंगते गावच, असे जाहिरातदार सांगतात, आणि ते खोटे नाही. दोन-तीन हजारांची वस्ती असते, बाजार असतो, नाट्यगृह असते, पोहण्याचा तलाव असतो. या गावात नसते ते मोठे रुग्णालय. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर आणि परिचारिका असतात, प्राणवायू असतो, हृदयाचा आलेख काढण्याचे यंत्र असते. झटका आलेल्या रुग्णाला पहिले काही तास सांभाळावे इतपत तयारी चांगल्या जहाजांवर असते. पण अँजिओप्लास्टी तेथे होत नाही, रक्तपेढी नसते, मेंदूत रक्तस्राव झाला की गुठळी झाली हे सांगणारे सी.टी. स्कॅनचे यंत्र सहसा नसते. तुर्भ्यात रात्री दोन वाजता छातीत कळ आली, तर शेजारी रिक्षा काढतो आणि पंधरा-वीस मिनिटांत वाशीच्या एखाद्या इस्पितळाचे दार गाठता येते. किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटरवर तीच कळ आली, की कप्तानापुढे मार्ग मोजकेच उरतात: जहाज जवळच्या बंदराकडे वळवायचे, किनाऱ्यावरून नौका मागवायची, नाहीतर हेलिकॉप्टर.

हेलिकॉप्टरने रुग्ण नेणे हे चित्रपटात दिसते तितके सोपे नसते. हेलिकॉप्टर जहाजावर सहसा उतरत नाही. ते वर घोंघावत राहते, जहाज खाली वेगाने डोलत असते, डेकवरची माणसे दूर सारलेली असतात, आणि पोलादी तारेने खाली सोडलेल्या स्ट्रेचरवर रुग्णाला बांधून वर ओढून घेतात. पत्नीला किंवा मुलाला सोबत नेता येईलच असे नाही. सामान खोलीत राहते, जहाज पुढच्या बंदराला निघून जाते, आणि माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी अनोळखी शहरातील अतिदक्षता विभागात जागा होतो.

आमच्याच समुद्रातील दोन घटना सांगतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, १६ आणि १७ तारखेच्या दरम्यानच्या रात्री, चीनहून संयुक्त अरब अमिरातीकडे निघालेल्या एका संशोधन जहाजावरील चिनी कर्मचाऱ्याच्या छातीत दुखू लागले. मुंबईच्या सागरी बचाव समन्वय केंद्राला निरोप मिळाला. सुमारे दोनशे किलोमीटर आत, खवळलेल्या पावसाळी समुद्रावर, अंधारात आमच्या तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने त्याला उचलून आणले. तो कोणत्या देशाचा, त्या देशाचे आणि आपले संबंध कसे, हे कोणी विचारले नाही. दुसरी घटना २ सप्टेंबर २०२४ ची. पोरबंदरजवळच्या समुद्रात ‘हरी लीला’ या तेलवाहू जहाजावरील एका जखमी खलाशाला आणण्यासाठी तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर रात्री निघाले आणि समुद्रात कोसळले. आत चौघे होते. एक वाचला, तिघे गेले. परक्याचा जीव वाचवायला निघालेल्या या तिघांची किंमत कोणत्याही पॉलिसीत लिहिता येणार नाही. तो खलाशी निदान पोटासाठी समुद्रावर होता. डॉक्टरने ‘प्रवास नको’ म्हटलेले असताना, ते कागद कपाटात ठेवून नुसत्या हौसेसाठी जहाजावर चढणाऱ्याने या तिघांना क्षणभर आठवावे, एवढेच आमचे म्हणणे.

आता पैशाची बाजू. समुद्रावर माणसाचा जीव वाचवला, तर त्या माणसाकडून मोबदला मागायचा नाही, हा दर्यावर्दींचा जुना दंडक आहे. १९१० च्या ब्रसेल्स येथील सागरी करारात तो लेखी स्वरूपात आला आणि पुढेही टिकला. म्हणून आमच्या लोकांचा समज होतो की सगळेच फुकट असते. फुकट असते ते वाचवणे. त्यानंतरचे काहीच फुकट नसते. जहाजावरील दवाखान्याचे बिल प्रवाशाच्या खोलीच्या खात्यावर चढते आणि उतरण्यापूर्वी चुकते करावे लागते. परदेशी इस्पितळ आधी अनामत मागते. तेथून डॉक्टरसह रुग्णविमानाने मुंबईला आणायचे म्हटले, तर येणारा आकडा ऐकून चांगली कमावती माणसेही मटकन खाली बसतात. आणि परमेश्वराने बोलावून घेतले, तर पार्थिव देह आपल्या चर्चच्या दफनभूमीपर्यंत आणण्याचा खर्च वेगळाच.

येथे एक विलक्षण विसंगती आहे. त्याच जहाजाच्या भोजनगृहात चहा ओतणारा मुलगा बहुधा गोव्याचा, मंगळूरचा नाहीतर आमच्या वसईचा असतो. तो आजारी पडला, तर उपचारांचा आणि घरी पोचवण्याचा खर्च जहाजाच्या मालकाला करावा लागतो. २००६ चा सागरी कामगार करार तसे सांगतो आणि भारताने २०१५ च्या ऑक्टोबरात त्याला मान्यता दिली आहे. देशोदेशीच्या कायद्यांनी मालकाची ही जबाबदारी मर्यादित करायची ठरवली, तरी सोळा आठवड्यांच्या आत ती संपवता येत नाही. शंभर किंवा अधिक माणसे घेऊन तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला निघणाऱ्या जहाजावर डॉक्टर असलाच पाहिजे, हा नियमही त्याच कराराचा, म्हणजे खलाशांसाठी झालेला. चहा ओतणाऱ्याच्या पाठीशी करार उभा आहे. चहा पिणाऱ्याच्या पाठीशी, त्याने स्वतः विमा उतरवला नसेल, तर काहीच नाही.

“आमचे मेडिक्लेम आहे की, फादर,” असे यावर हमखास ऐकू येते. चांगलेच आहे, पण ते एकदा काढून वाचावे. आपल्याकडील सर्वसाधारण आरोग्य विमा भारतातील इस्पितळात दाखल होण्यासाठी असतो, आणि इस्पितळ कशाला म्हणायचे याची व्याख्या विमा नियामकाने घालून दिली आहे. दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान दहा खाटा, इतरत्र पंधरा, सुसज्ज शस्त्रक्रियागृह, अहोरात्र डॉक्टर व परिचारिका. जहाजावरचा चार खाटांचा दवाखाना या व्याख्येत कोठे बसतो? सिंगापूरचे किंवा पेनांगचे इस्पितळ तर सामान्यतः त्या पॉलिसीच्या हद्दीतच येत नाही.

मग काय होते, ते आम्ही पाहिले आहे. आमच्या परिचयाच्या एका जोडप्याच्या विवाहाला पन्नास वर्षे झाली. परदेशी नोकरी करणाऱ्या मुलांनी हौसेने जहाजाची तिकिटे काढून दिली. सहलीच्या एजंटाने एकूण आकडा गोंडस दिसावा म्हणून विमा वगळला, आणि मुलांनी वगळू दिला. तिसऱ्या रात्री वडिलांना झटका आला. जहाज वळवून त्यांना परक्या बंदरात उतरवले. प्राण वाचले, त्याबद्दल देवाची स्तुती असो. पण इस्पितळाचे बिल पाहून मुलांनी हात टेकले, आणि पुढल्या रविवारी एका धर्मग्रामात नव्हे, तर पाच धर्मग्रामांत ख्रिस्तयागानंतर दारात झोळी फिरली.

त्या झोळीत कोणी काय टाकले? तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात दिवसभर कांदे निवडणाऱ्या एका विधवेने दोनशे रुपये टाकले. तिने जन्मात जहाज पाहिलेले नाही. गेटवेहून घारापुरीला जाणारी लाँचसुद्धा नाही. विधवेच्या दोन दमड्यांचा दाखला आम्ही धर्मगुरू दानशूरतेवरच्या प्रवचनात मोठ्या आवडीने सांगतो. पण त्या दाखल्याच्या अलीकडेच प्रभूने विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्यांना काय सुनावले आहे, ते आम्ही सहसा वाचून दाखवत नाही. लाख-दीड लाखाच्या सहलीत काही हजारांचा हप्ता ज्यांना जड झाला, त्यांचे बिल कांदे निवडणाऱ्या बाईने भरावे, याला आम्ही ख्रिस्ती बंधुभाव म्हणायला तयार नाही. बंधुभाव तिने दाखवला, यात शंका नाही. आम्ही बोलत आहोत ते तिच्यावर ही वेळ आणणाऱ्यांबद्दल.

याबाबत कोणी बोलू लागले, की श्रद्धेची ढाल पुढे येते. विमा काढणे म्हणजे वाईट चिंतणे. देव पाहून घेईल. जपमाळ बरोबर आहे, दुसरे काय लागते? असे बोलणाऱ्यांनी प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील सत्ताविसावा अध्याय पुन्हा वाचावा. रोमला निघालेल्या संत पौलाने, हंगाम उलटून गेला आहे, आता पुढे निघणे धोक्याचे आहे, असे स्पष्ट सांगितले होते. शताधिपतीने त्याचे न ऐकता तांडेलाचे आणि जहाजाच्या मालकाचे ऐकले. पुढे वादळ, चौदा रात्री भरकटणे, धान्य समुद्रात फेकणे आणि माल्टाच्या किनाऱ्यावर जहाजाचे तुकडे. २७६ माणसे वाचली. परमेश्वराने ती वाचवली, हे खरेच. पण म्हणून पौलाचा आधीचा सल्ला अश्रद्धेचा होता, असे कोणत्या भाष्यकाराने म्हटले आहे? मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, हे बोलणे शुभवर्तमानात कोणाच्या तोंडी आहे, हेही आमच्या वाचकांना माहीत आहे.

आणि २०२५ च्या ज्युबिली वर्षात आमच्यातील किती तरी जण रोमला जाऊन आले. युरोपच्या व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा, त्यात रुग्णाला मायदेशी परत आणण्याची तरतूद, असे सक्तीचे असते. सर्वांनी तो निमूट काढला. त्यामुळे कोणाची श्रद्धा दुखावल्याचे आमच्या ऐकिवात नाही. वकिलातीने सांगितले की विमा चालतो, आणि विवेकबुद्धीने सांगितले की तो अविश्वास ठरतो, हा न्याय आम्हाला कळलेला नाही.

ख्रिस्तसभेचा या विषयाशी संबंध आजचा नव्हे. तेराव्या शतकात पोप नववे ग्रेगरी यांनी सागरी व्यापारासाठी दिलेल्या कर्जावर जादा रक्कम घेणे व्याजखोरीत जमा केले. त्यानंतर इटलीच्या बंदरांत धोका वाटून घेण्याचे स्वतंत्र करार होऊ लागले. जिनोआ येथील १३४७ चा करारनामा आज उपलब्ध असलेल्या जुन्यात जुन्या सागरी विम्यांपैकी एक मानला जातो. धर्मशास्त्रज्ञांनी बराच काथ्याकूट केला आणि दुसऱ्याचा धोका पत्करण्याचे मोल घेणे हे व्याज नव्हे, असा निवाडा हळूहळू रूढ झाला. लंडनच्या लॉइड्सने १७७९ मध्ये ठरवलेल्या सागरी पॉलिसीचा मजकूर तर ईश्वराच्या नावानेच सुरू होत असे. देवाचे नाव घेऊन विमा उतरवणारी ती माणसे आमच्याहून कमी श्रद्धावान होती काय?

चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला आम्ही अर्धाच ऐकतो. तेल आणि द्राक्षारस ओतून त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर घालून जखमीला उतारशाळेत नेले, हे सर्वांना पाठ आहे. पण दुसऱ्या दिवशी त्याने दोन दीनार काढून उतारशाळेच्या रक्षकाच्या हातावर ठेवले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना तोही फेडण्याची हमी दिली. प्रथमोपचार, वाहतूक, निवास, आगाऊ रक्कम आणि उरलेल्या बिलाची हमी, इतके सगळे त्या दाखल्यात आहे. तो हमी देणारा माणूस वाटेवर भेटेलच, असे गृहीत धरून यरीहोच्या रस्त्याला लागण्याचा सल्ला प्रभूने कोणालाही दिलेला नाही.

आम्ही तुर्भ्यात राहतो, म्हणून आम्हाला या उलट्या न्यायाचा राग अधिक येतो. येथील कारखान्यांतला कामगार आपल्या पगारातून पाऊण टक्का आणि मालक सव्वातीन टक्के भरतो, तेव्हा कामगार राज्य विम्याचे कार्ड मिळते. १९४८ च्या कायद्याने ही सोय झाली. बाजारात पाठीवर गोणी वाहणाऱ्या माथाडीला तेवढेही नव्हते. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली हमालांनी वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा कोठे १९६९ चा माथाडी कायदा आला आणि आजारपणात, म्हातारपणात काही आधार उरला. मासेमारीला जाणाऱ्या कोळी बांधवासाठी आज सरकारी अपघात विमा आहे, मृत्यू आल्यास कुटुंबाला पाच लाख रुपये. आमच्या समाजानेही हे शहाणपण केव्हाच ओळखले होते. मॉन्सिन्योर मोनीस यांनी १९१८ मध्ये वसईत बॅसीन कॅथॉलिक बँकेचा पाया घातला, तो काही लोकांनी एकमेकांच्या दारात झोळ्या फिरवाव्यात म्हणून नव्हे. घाम गाळणाऱ्यांनी जी गोष्ट भांडून मिळवली, ती चार पैसे गाठीला असलेल्यांनी ‘ऐच्छिक’ म्हणून टाकून द्यावी, आणि वर श्रद्धेचे नाव सांगावे!

विमा कंपन्यांची वकिली आम्ही करत नाही. त्यांच्या अटींचे कागद असे लिहिलेले असतात की वकिलालाही घाम फुटावा. आधीपासूनचे आजार अनेक प्रवास विम्यांत वगळलेले असतात, किंवा केवळ प्राणांतिक प्रसंगापुरते मान्य असतात. वय वाढेल तसा हप्ता चढतो. दावा नाकारण्याची कारणे शोधण्यात काही कचेऱ्या फार तरबेज असतात. हे सगळे खरे धरूनही, दाव्याच्या अनेक भांडणांचे मूळ आमच्याच घरात असते, हे सांगितले पाहिजे. अर्जात मधुमेह आहे काय, असा प्रश्न असतो. वीस वर्षे इन्शुलिन घेणारा गृहस्थ, एजंटाने खूण केली म्हणून, ‘नाही’ लिहितो. हे काय आहे? दहा आज्ञांपैकी आठवी आज्ञा फक्त न्यायालयातल्या साक्षीपुरती आहे, असे आम्हाला प्रशिक्षणालयात कोणी शिकवले नव्हते. पुढे झटका येतो, इस्पितळाचे कागद निघतात, त्यात वीस वर्षांचा मधुमेह उमटतो आणि दावा कोसळतो. मग कंपनीच्या नावाने शंख, आणि पुन्हा त्याच विधवेच्या दारात झोळी. ज्याने खरे लिहिले आणि जास्त हप्ता भरला, त्याच्या पैशातून आपला खोटा दावा फेडून घेऊ पाहणे ही चोरीच होय. ती पापनिवेदनात सांगायची गोष्ट आहे, असे आमचे मत आम्ही येथे स्पष्ट लिहून ठेवतो.

आणखी एक अप्रिय गोष्ट आमच्याच बांधवांविषयी. अशा सहलींबरोबर एखादा धर्मगुरू ‘आध्यात्मिक मार्गदर्शक’ म्हणून जातो. पुरेशी माणसे जमली, की त्याची जागा आयोजकाला फुकट देता येते. पाठीमागे धर्मगुरूचे नाव असले, की म्हाताऱ्या माणसांना वाटते, सगळे तपासलेले असणार. ज्याच्या नावावर लोक विसंबतात, त्याने निघण्यापूर्वी प्रत्येकाची पॉलिसी पाहायला नको काय? रुग्णाला समुद्रावरून हलवण्याचा खर्च तीत आहे का, मायदेशी आणण्याचा आहे का, पार्थिव आणण्याचा आहे का, रकमेची मर्यादा किती, जहाजावरील उपचार धरले आहेत का, मदतीचा दूरध्वनी कोणता, हे वाचायला अर्धा तास लागतो. रुग्णाला शेवटचा तैलाभ्यंग देणे हे आमचे काम आहेच. त्याच्या पत्नीला परक्या बंदरात पैशासाठी रडू न देणे हेही आमच्याच कामात येते.

आमच्या आर्थिक समितीपुढे आम्ही गेल्या बैठकीत दोन ठराव मांडले आणि थोड्या कुरबुरीनंतर ते मंजूर झाले. ज्या सहलीच्या किमतीत वैद्यकीय विमा आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलेला नाही, तिचे पत्रक आमच्या सूचनाफलकावर लागणार नाही. आणि सहलीवरील आजारपणासाठी दारात झोळी फिरवायची झाल्यास आधी कुटुंबाने आपली पॉलिसी, किंवा ती का नाही याचे लेखी कारण, समितीला दाखवायचे. गरीब घरातील आकस्मिक आजाराला यातले काहीही लागू नाही. तेथे झोळी पूर्वीसारखीच फिरेल. हे कठोर आहे, असे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, आणि त्यांचा मुद्दा आम्ही इतिवृत्तात नोंदवला आहे. ठरावाची प्रत फलकावर लावल्यानंतर एका आयोजकाने आपले पत्रक काढून नेले. दुसऱ्याने तीन आठवड्यांनी नवे आणून दिले. त्यात किंमत थोडी वाढली आहे, आणि तळाच्या ओळीतून ‘ऐच्छिक’ हा शब्द गेला आहे.